नळदुर्गला दादा नुसता बसतो

नातीला नळदुर्गला जायचंय. तिला मी सांगितलं, पावसाळा सरताना जा. बोरी नदी बांधावरून कोसळत असते तेव्हाच किल्ला बघण्यात मजा. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला एसटी धरली की फार वेळ लागत नाही. "तू कधी गेली होतीस?" असं तिने विचारलं, म्हणून हे लिहायला बसले.

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती, केळीच्या वाडीतली माणसं. माझा मोठा भाऊ दक्षिणेतल्या एका मठात संन्यासी झाला होता आणि पुढे वरिष्ठांच्या परवानगीने नळदुर्गजवळ एकटाच राहून प्रार्थना करत होता. आमची आय त्यामुळे देवावर रुसली होती. दारातल्या क्रुसासमोरची संध्याकाळची प्रार्थना तिने सोडूनच दिली. "माझा मुलगा नेला, आता त्याच्याशी बोलायचं काय राहिलं?" म्हणायची. शेवटी तिने मलाच पाठवलं. "हातपाय धड असताना माणूस नुसता बसून काय करतो, ते डोळ्यांनी बघून ये. सुकलेला दिसला तर हाताला धरून घरी आण."

सोबत सुक्या बोंबलांचं गाठोडं दिलं. रात्रभरच्या रेल्वेत त्याचा वास खपून गेला, पण सोलापूरच्या एसटीत माझ्या शेजारची बाई उठली, मग पुढची उठली, आणि खच्चून भरलेल्या गाडीत मी एकटीच ऐसपैस बसून गेले. बाहेर ज्वारीची नुकती उगवलेली पोपटी रानं होती, काळी माती होती, आणि आभाळ इतकं मोठं की आमच्या माडांखाली वाढलेल्या डोळ्यांना ते पेलेना.

दादा नदीकाठी हुसेनबी नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या शेतातल्या खोलीत राहत होता. दिवसा अंबाडीचे दोर वळायचा आणि ते बाजारात विकून पोट भरायचा. मला बघून हसला, गाठोडं नाकाशी नेलं आणि त्याचे डोळे भरून आले. सुकलेला मात्र नव्हता. पण बोलेना. भाकरी, शेंगांची चटणी, अंबाडीची भाजी, सगळं गुपचूप. मी वाडीतल्या बातम्या सांगून सांगून दमले आणि चिडले. एवढ्या लांबून बहीण आली आणि हा मुका.

हुसेनबींनी मला बाहेर बोलावून चहा दिला. "बाई, राग धरू नका," त्या म्हणाल्या. "आमच्यातले बुजुर्ग बी असंच बसत्यात, अल्लाचं नाव घेत. तोंड हालत न्हाय, पर आत चालूच असतंय."

संध्याकाळी दादा मला किल्ल्यात घेऊन गेला. तिथल्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. जायचं असेल तर ओल्या पायऱ्यांवर जपून उतरा. आत खिडकीबाहेरून नदीच कोसळत असते. दगड गार, उजेड हिरवट, आणि आवाज एवढा की थोड्या वेळाने तो ऐकूच येईनासा होतो. दादा डोळे मिटून बसला. मीही बसले. श्वास घेताना येशूचं नाव, सोडताना येशूचं नाव, एवढंच त्याने सांगितलं होतं. माझं मन कधी एसटीत, कधी बोंबलांत, कधी आयच्या रुसलेल्या तोंडापाशी. मग किती वेळ गेला कळलं नाही. मी झोपेत होते की जागी, हेसुद्धा आज सांगता येणार नाही. एवढं आठवतं की मला फार बरं वाटत होतं.

परतताना मी त्याला म्हटलं, माझं मन काही टिकत नाही. तो म्हणाला, वासरू खुंट्याभोवती फिरणारच, आपण खुंटा उपटू नये. मग मी आयचं सगळं सांगून टाकलं, तिने प्रार्थना सोडली तेही. तो वाटेतच थांबला.

"सुरुवातीला प्रार्थनेत आय आठवली की मी तिला हाकलायचो," तो म्हणाला. "वाटायचं, देवाच्या आड येते. आता नाही हाकलत. रोज संध्याकाळी ती येते, शेजारी बसते. तिला सांग, मी जागा ठेवलेली असते."

चल घरी, हे शब्द माझ्या ओठांवर होते. ते मी गिळले. दुसऱ्या दिवशी एसटीत खिडकीकडे तोंड करून खूप रडले.

घरी आल्यावर आयने माझ्या पाठीमागे दादाला शोधलं. कुणी नव्हतं. मी पाहिलं ते सगळं सांगितलं, दादाचा निरोपही सांगितला. ती उठून चुलीपाशी गेली. मला वाटलं, आता माझ्यावरही रुसणार.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी विहिरीवरून आले, तर आयने तोंड धुऊन ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि ओटीवर पदर सारखा करत होती. मी विचारलं, कुठे निघालीस या वेळी?

"निघाले कुठे, बसतेय," ती म्हणाली. "तो वाट बघत असेल."