दहा खड्डे, एक चौकोन

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या मास्तरांचे. उत्तर ठोकून दिलं आणि चुकलं, तर ते शून्य देत. ‘माहीत नाही’ असं लिहिलं, तर अर्धा गुण. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर असल्या अर्ध्या-अर्ध्या गुणांवर तयार झाला.

सत्तरच्या दशकात मी चंदीगडला, माती तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत लागलो. तिथली पद्धत सोपी होती. जीपमधून उतरताना साहेबांचा बूट जिथे टेके, तिथली माती पिशवीत जाई. एक जागा, एक पिशवी, एक आकडा. फॉर्मवर चौकोनही एकच. जीप नेहमी सावलीत थांबे, त्यामुळे झाडांखालच्या मातीबद्दल आमच्याइतकं ज्ञान कुणालाच नव्हतं.

चंदीगडबाहेर खरड गावाजवळ सायकलींच्या भागांना क्रोमचा मुलामा देणारा एक कारखाना बंद पडला होता. तिथे शेजारच्या शाळेचं मैदान व्हायचं होतं. माती विषारी नाही, एवढं आम्ही लिहून द्यायचं. साहेब चहा घेत होते तेवढ्यात मी पावलं मोजत दहा ठिकाणी खणलं. नऊ ठिकाणची माती ठीक निघाली. दहाव्या पिशवीत इतकं क्रोमियम, की मी सगळी भांडी धुऊन पुन्हा तपासलं. तोच आकडा. तिथून दोन पावलांवरचा खड्डा मात्र स्वच्छ. मधे काय आहे, ते मातीलाच ठाऊक.

साहेब नागपूरचे, बदलीवर आलेले.

“काहून बे, दहा खड्ड्यांत दहा आकडे? माती आहे का सट्टा?”

“साहेब, माती सगळीकडे सारखी नाही.”

“फॉर्म तर सारखा आहे ना यार! जास्तवाला पक्का चुकला असेल. तो काढ आणि बाकीच्यांची सरासरी मार.”

“आणि पोरं नेमकी तिथेच खेळली तर?”

“सरासरी खेळतील,” साहेब म्हणाले. सगळं ऑफिस हसलं. नोकरी नवी होती, मीही थोडा हसलो. मग फॉर्म पुढे ओढला.

आठवड्याभराने मास्तरांना पत्र टाकलं:

“तीर्थस्वरूप मास्तरांना साष्टांग नमस्कार. इथे मुलांना खेळू द्यावं का, असं सरकारने विचारलं. मी चौकोनात ‘माहीत नाही’ लिहिलं, दहाही आकडे कागदाच्या मागे मांडले आणि सही केली. मैदान थांबलं आहे. आता आणखी चाळीस खड्डे खणायचे आहेत; कुदळ अर्थातच माझ्या हातात दिली आहे. साहेबांनी मला शून्य दिलं. तुमच्याकडे तो अर्धा गुण अजून मिळतो का?”