एक नंबरचा रिमोट

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदगावला, शाळेत सहावीच्या वर्गावर होते. हेडमास्तरांनी शिपायाला न पाठवता स्वतः दारात येऊन हाक मारली. "मॅडम, नाशिकहून फोन आहे," एवढंच ते म्हणाले... फोनवर बाबा होते. त्यांना बोलता येईना, म्हणून शेजारच्या काकांनी फोन घेतला आणि सांगितलं. संजय, माझा थोरला भाऊ, कोथिंबीर आणायला म्हणून मोटारसायकल घेऊन बाहेर पडला आणि चौकात टेम्पोने त्याला उडवलं. इथल्या इथे जायला हेल्मेट कशाला, असं म्हणून गेला होता म्हणे. इतके आठवडे झाले, तरी माझा त्याच्यावरचा राग जात नाही. मैत्रिणी म्हणतात, लिही काहीतरी, मोकळं वाटेल. मी लिहायला बसते, दोन ओळी झाल्या की उठते, कपाट आवरायला घेते, तेही अर्धवट टाकून परत बसते. एका जागी न टिकणं हा खरं तर त्याचा स्वभाव. आता तो मला लागलाय.

आई होती तोवर त्याला भिंगरी म्हणायची. जेवतानाही त्याचा एक पाय हलत असायचा. नव्वदच्या सुमारास, आम्ही जेल रोडला राहत असताना, बाबांनी दिवाळीला मेन रोडवरून व्हिडिओ गेम आणला, तो बहुतेक या भिंगरीला घरात बसवण्यासाठीच. पांढरा-लाल डबा, वरून खोचायची पिवळी कॅसेट, एक वायर अ‍ॅडाप्टरची आणि एक टीव्हीच्या मागे अँटेनाच्या जागी लावायची. चॅनेल जुळेपर्यंत पडद्यावर नुसत्या मुंग्या. कॅसेटवर हजारो खेळ असल्याचं छापलं होतं, प्रत्यक्षात तेच पाच-सहा खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. सोबत एक काळी बंदूक होती, तिने पडद्यावरची बदकं मारायची. दादा टीव्हीला नळी टेकवून मारायचा आणि वर नेम चांगला असल्याची फुशारकी मारायचा. कॅसेट लागली नाही की काढून तिच्यात फुंकर घालायची. ते काम त्याला इतकं आवडायचं की चालणारी कॅसेटही तो उगाच काढून फुंकायचा.

डब्यातून दोन रिमोट निघाले होते. एक नंबरच्या रिमोटवर खेळ सुरू करायचं बटण होतं, खेळ मध्येच थांबवायचाही त्यानेच. दोन नंबरवर ते बटण नव्हतंच. ज्यांनी कोणी तो बनवला, त्यांना दुसऱ्या माणसाला कधी काही थांबवावंसं वाटेल हे सुचलंच नसणार. एक नंबर दादाचा, दोन नंबर माझा, हे कुणी न सांगताच ठरलं. आणि दादा खेळ थांबवायचा नाही. पाणी प्यायचं असलं, दारात मित्र आला असला, तरी रिमोट टाकून सरळ निघून जायचा, पडद्यावरचा त्याचा माणूस मेला तर मेला. "थांबवून खेळायचं तर झोपा काढाव्यात," असं त्याचं म्हणणं. पंचाईत माझी व्हायची. ऐन रंगात आल्यावर आतून आईची हाक यायची, "सीमे, पोळ्यांना ये गं!" मी उठायची, आणि परत येईपर्यंत माझा माणूस कुठल्या तरी खड्ड्यात जाऊन मेलेला असायचा. मी चिडून रडायची. एकदा दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "आई, तुझ्या पोळ्यांपायी हिचा माणूस रोज मरतो, तुला कळतंय का?"

"मग तू ये लाटायला," आई म्हणाली.

आला की! त्याच्या पोळ्या बाबांनी मुकाट्याने खाल्ल्या, पण दुसऱ्या दिवशी आईने पुन्हा मलाच हाक मारली.

त्या वर्षीची भाऊबीज. मी त्याला ओवाळलं, आणि त्याने ताटात ओवाळणी म्हणून दाराच्या बेलचं बटण ठेवलं. नुसतं बटण नाही, त्याला जोडलेली लांबलचक वायरही. ती वायर सरपटत जाऊन त्याच्या एक नंबरच्या रिमोटच्या पोटात शिरली होती. त्याने रिमोट उघडून, कुणाकडून तरी तारांना डाग द्यायचं सोल्डरिंगचं यंत्र मागून आणून, थांबवायच्या बटणाला ती जोडली होती. "आता आईने हाक मारली की बेल दाब आणि खुशाल जा," तो म्हणाला. मी दाबून पाहिलं. पडद्यावरचा खेळ जागच्या जागी थांबला... मला तेव्हा काय वाटलं ते आज सांगायला गेले तर थोडं हसू येईल आणि बरंच रडू. घरात पहिल्यांदाच माझ्या म्हणण्याने काहीतरी थांबलं होतं.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार बडवायला लागलं. बाबांचे ओझरच्या कारखान्यातले मित्र बायकोमुलांसह फराळाला आले होते. ते दाराच्या चौकटीवर बेल शोधत होते, आणि तिथे दोन उघड्या तारा लोंबत होत्या. बाबांनी तारा पाहिल्या, मग माझ्या हातातलं बटण पाहिलं. चिडले की ते गावाकडचं बोलायला लागायचे. "संज्या, लय झालं तुझं! घराचं दार हाय का खेळणं?" पण सणाचा दिवस, पाहुण्यांसमोर मारणार कसे? दादा चकल्या खात शांतपणे म्हणाला, "बाबा, बेल दाराला पाहिजे की सीमाला, ते ठरवा." पाहुणे हसले आणि विषय तिथेच मिटला. पुढे कित्येक महिने आमच्याकडे येणारा माणूस कडी वाजवायचा.

मोठा झाल्यावरही तो तसाच राहिला. सातपूरला एक नोकरी धरली, सोडली, अंबडला दुसरी धरली, तीही सोडली, मग मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. अर्चनावहिनी घरात आली, ती शांत, मोजकं बोलणारी. सटाण्याकडच्या तिच्या माहेरी तो जायचा तेव्हा सासूबाई म्हणायच्या, जावई बसतो कमी आणि निघतो जास्त. दुकान बरं चालायला लागल्यावर त्याने सीडीवर चालणारा नवा गेम घेतला. मी सुट्टीत आले की आम्ही खेळायचो. आता दोन्ही रिमोट सारखे होते, दोन्हींवर सगळी बटणं होती. "घे ना एक नंबर, मोठी बाई झालीस," तो म्हणायचा. मी घेत नसे. मला दोन नंबरच बरा वाटायचा, शेजारी तो पाय हलवत बसलेला असायचा.

दिवसकार्य उरकल्यावर मी काही दिवस तिथेच राहिले. भर उन्हाळा होता. रोज दुपारी लोडशेडिंग. घरात इन्व्हर्टर असूनही वहिनी पंखा लावू देत नव्हती. भेटायला येणारे पदराने वारा घ्यायचे, बाबा घामाने निथळायचे. शेवटी माझा तोल गेला. "वहिनी, अगं म्हाताऱ्या माणसाचा तरी विचार कर!" मी ओरडलेच. तिने माझ्याकडे पाहिलं, माझा हात धरून पुढच्या खोलीत नेलं आणि टीव्ही लावला. पडद्यावर शर्यतीच्या मोटारी होत्या, जागच्या जागी थांबलेल्या. टीव्हीखाली गेमच्या डब्याचा हिरवा दिवा जळत होता.

"मी म्हटलं, कोथिंबीर आणा," ती म्हणाली. "हे 'आलोच' म्हणाले आणि थांबवून गेले. सीमाताई, हे कधी थांबवायचे का हो? तुम्हीच सांगा."

ज्याने जन्मात कधी खेळ थांबवला नाही, त्याने त्या दिवशी तो थांबवला होता. म्हणजे त्याला परत यायचं होतं... तेव्हापासून तो डबा चालूच होता. वीज गेली की तो इन्व्हर्टरवर चालायचा, आणि इन्व्हर्टरची बॅटरी टिकावी म्हणून घरातला पंखा बंद.

"मेमरी कार्डात जपून ठेवता नाही का येत?" तिने विचारलं. मी सांगितलं, शर्यत मध्येच असताना नाही येत. वीज तुटली की गेलं सगळं. ती मान हलवत राहिली. तिला ते आधीच ठाऊक असावं.

त्या दुपारी वीज नेहमीपेक्षा जास्त वेळ गेली. बाबा डोळे मिटून पडले होते. बॅटरी संपत आली तसा इन्व्हर्टर पीं पीं करायला लागला. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली आणि माझ्यासमोर नुसती उभी राहिली. तिला खेळता येत नव्हतं. मी खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा एक नंबरचा रिमोट हातात घेतला. बटण दाबायला अंगठा तयार होईना. इन्व्हर्टर ओरडतच होता. "दाबा, ताई," वहिनी म्हणाली. मी दाबलं.

दादाची गाडी निघाली. तो सगळ्यांच्या पुढे होता, इतका पुढे की मागची गाडी दिसतही नव्हती. मी भिंतींवर आपटत होते, गवतात शिरत होते, तरी बराच वेळ मला कुणी गाठू शकलं नाही. तेवढी आघाडी त्याने ठेवली होती. मग एक गाडी बाजूने गेली. मग दुसरी, मग तिसरी. मी शर्यत पुरी केली, पाठोपाठ टीव्ही काळा झाला आणि इन्व्हर्टरही गप्प झाला. इतक्या दिवसांत घरात इतकी शांतता मी ऐकली नव्हती.

वहिनी माझ्या शेजारी येऊन बसली. दादा गेल्यापासून ती रडलेली कुणी पाहिली नव्हती.

"पण हे पहिले होते ना, ताई?" तिने विचारलं. "हे गेले तेव्हा?"

"पहिलाच होता," मी म्हटलं, आणि मग ती रडली.