कुंपणापाशी ऐकलेलं

माझा धाकटा दीर त्या वसंतात आमच्याकडे जर्मनीत, कार्ल्सरूहेला राहायला आला, तेव्हा त्याच्या सामानात दोन बॅगा कपड्यांच्या आणि पुस्तकांच्या होत्या. तिसरी लांबट बॅग हेल्मेट आणि खांद्याच्या पॅडांची होती. ती त्याने बाल्कनीत ठेवली, कारण तिला घामाचा वास यायचा.

सांगलीत तो कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळायचा, डावा कोपरारक्षक म्हणून. मास्टर्ससाठी ऱ्हाईन नदीच्या पलीकडच्या एका शहरात गेला आणि तिथल्या एका हौशी क्लबात अमेरिकन फुटबॉलकडे वळला. दोन वर्षांनी पीएचडीसाठी आमच्या शहरात आला आणि आमच्या भागातल्या क्लबात त्याला जागा मिळाली.

अशा क्लबांमध्ये खेळाडूंची देवघेव होत नाही. पण त्याच महिन्यात इथला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, लुडविग्सहाफेनच्या रासायनिक कारखान्यात नोकरीला लागला आणि नेमका दिराच्या जुन्या क्लबाकडून खेळू लागला. एक गेला, एक आला. कुंपणापाशी उभे राहणारे प्रेक्षक याला ‘ट्रेड’ म्हणू लागले, टीव्हीवरच्या अमेरिकन लीगमध्ये म्हणतात तसं. आणि हा ट्रेड आपल्याला तोट्याचा पडला, याबद्दल पहिल्या सामन्याआधीच त्यांचं जवळपास एकमत होतं.

दीर सेफ्टी होता. सेफ्टी म्हणजे बचावातला सगळ्यात मागचा. पुढचा कुणी चुकला तर त्याला सावरायला मागे माणूस असतो. सेफ्टी चुकला तर त्याच्या मागे फक्त गोलरेषा असते.

पुण्यात मी सहा वर्षं एका दैनिकाच्या क्रीडा पानावर उपसंपादक होते. या खेळाचे नियम मला ठाऊक नव्हते, म्हणून पहिल्या सामन्याला मी छोटी वही घेऊन गेले. मैदानाच्या लांब बाजूला कंबरेएवढं लोखंडी कुंपण होतं. तिथे मी उभी राहिले, तर शेजारी तीन नेहमीचे प्रेक्षक होते. एक निवृत्त ट्रामचालक, घडीची खुर्ची घेऊन येणारे. एक बालवाडीतल्या शिक्षिका, त्यांच्या हातात गाईच्या गळ्यातली मोठी घंटा. आणि सायकलच्या दुकानात काम करणारा एक तरुण, गळ्यात दुर्बीण अडकवलेला. मी कोण, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पहिल्या सामन्यात दिराने सात जणांना पाडलं. सातही जणांना घोट्याला धरून. कबड्डीतला कोपरारक्षक अशीच पकड करतो. झेप घ्यायची, दोन्ही हातांनी घोटा बांधायचा, डोकं आत ओढून घ्यायचं.

“हा काय करतोय?” सायकलवाला म्हणाला. “बुटाचं माप घेतोय?”

“दुकानात पाठवा त्याला,” ट्रामचालक म्हणाले. “चाळीस नंबर, काळा, लेस असलेला.”

“पण माणूस पडतोय ना?” शिक्षिका म्हणाल्या. “सातपैकी सात.”

“पडतोय चार मीटर पुढे जाऊन,” ट्रामचालक म्हणाले. “ सेफ्टीने थांबवायचं असतं, पायाला लोंबकळायचं नसतं. समोरच्याला भीती नको का वाटायला? याला टक्करच नाही. आल्झो, म्हणजे काय, तर आपण क्वार्टरबॅक दिला आणि चप्पल घेतली.”

शिक्षिकाही हसल्या. घंटा त्यांच्या हातात आपोआप वाजली.

संध्याकाळी दीर आंघोळ करून स्वयंपाकघरात आला आणि कांदा चिरायला बसला. नवरा गार्चिंग या दूरच्या गावी एका प्रकल्पावर होता आणि त्या आठवड्यात रविवारीच निघून गेला होता. घरात आम्ही दोघंच होतो.

“वहिनी, तुम्ही कुंपणापाशी होता ना? काय म्हणत होते?”

“खेळ समजून घेत होते मी. सगळं नाही ऐकलं.”

“वही होती तुमच्या हातात. मी बघितलं.”

मी वही काढली आणि वाचून दाखवलं. बूट, चप्पल, चार मीटर, टक्करच नाही. शब्दाला शब्द. त्याने विचारलं होतं आणि मला वाटलं, खरं सांगणंच बरं. त्याने कांदा चिरणं थांबवलं नाही. चप्पलवर तो हसला. ‘टक्करच नाही’ हे मात्र त्याने मला पुन्हा वाचायला लावलं.

त्याच आठवड्यात सांगलीहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. “फुटबॉलच ना गं तो? म्हणजे पायालाच लागेल काय ते. कबड्डीत खांदा निखळला होता त्याचा, त्यापेक्षा हे बरं.” दीर माझ्याकडे बघत होता. हा फुटबॉल पायांचा नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुसरा सामना दोन आठवड्यांनी होता. हा खेळ थांबत थांबत, काही सेकंदांच्या एकेका खेळीत चालतो. तिसऱ्याच खेळीत प्रतिस्पर्ध्यांचा एक धिप्पाड खेळाडू चेंडू घेऊन मधून सुटला आणि समोर फक्त दीर उरला. तो वाकला नाही. उभ्या अंगाने धावत गेला आणि समोरासमोर धडकला. आवाज कुंपणापर्यंत आला. प्लास्टिकवर प्लास्टिक आपटल्याचा कोरडा, आखूड आवाज. धिप्पाड खेळाडू जागीच मागे पडला. सायकलवाल्याने दोन्ही हात वर केले, शिक्षिकांची घंटा थांबेना आणि ट्रामचालक खुर्चीतून उठले.

“गेनाऊ! बरोबर!” ते ओरडले. “हेच! हेच हवं होतं!”

मी घड्याळाकडे बघत होते. पडलेला खेळाडू आधी उठला. दीर त्यानंतर अकरा सेकंदांनी उठला. एक गुडघा टेकून, एक हात गवतावर ठेवून. मग त्याने अंगठा वर केला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सामना संपेपर्यंत तो तसाच अजून चार वेळा धडकला.

सोमवारी सकाळी तो चहाचा कप घेऊन खिडकीपाशी उभा होता. “दादा कधी येणार?” त्याने विचारलं. “गुरुवारी,” मी सांगितलं. त्याने चहा संपवला, कप विसळला आणि विचारलं, “दादा कधी येणार?” मी पुन्हा सांगितलं. बूट घालताना त्याने तिसऱ्यांदा विचारलं, त्याच सुरात, पहिल्यांदा विचारावं तसं.

“तिसऱ्यांदा विचारतोयस.”

तो थांबला. लेस हातात तशीच राहिली.

“डोकं जरा जड आहे. झोप नाही झाली.”

“कालच्या धडकेने?”

“वहिनी, एवढं काही नाही. पण दादाला सांगू नका. आईला तर नकोच. तो लगेच बंद करायला लावेल. आत्ता कुठे ते लोक माझा नंबर ओरडायला लागलेत.”

आमच्या घरात हे चालत आलेलं होतं. पहिल्या वर्षी नापास झाला ते त्याने मला सांगितलं होतं, एका मुलीबद्दलही मलाच. मी कधी काही फोडलं नव्हतं. मी त्याला डॉक्टरकडे जा म्हटलं. तो हो म्हणाला आणि गेला नाही.

पुढचे बारा दिवस मी त्याच्यावर लक्ष ठेवून होते. दिवा लावला की तो डोळे बारीक करायचा. पण थकलेला माणूसही करतो. एकदा गॅसवर दूध उतू गेलं, तो समोर उभा होता. पण दूध माझ्याकडूनही उतू जातं. बातमीला दोन सूत्रं हवीत, एकाच्या सांगण्यावर छापायचं नाही, हे अंगवळणी पडलेलं होतं. माझ्याकडे एकच सकाळ होती आणि त्याचा खुलासा त्याने केला होता. दुसरं काही ठोस दिसलं की बोलू, असं मी ठरवलं. आता मागे बघताना दिसतं की तो नियम नव्हता. मला भीती वाटत होती, आणि त्याचा विश्वास जाईल ही भीती त्याच्या डोक्याबद्दलच्या भीतीपेक्षा रोजच्या व्यवहारात जवळची होती. गुरुवारी नवरा आला, तीन दिवस राहिला, परत गेला. तेव्हाही मी बोलले नाही. आणि रात्री दिराच्या खोलीतून काही पडल्याचा आवाज आला की मी दारापर्यंत जाऊन उभी राहायचे.

तिसऱ्या सामन्याला शनिवारी स्वच्छ ऊन होतं. कुंपणापाशी चर्चा रंगात होती.

“मी काय म्हणत होतो,” ट्रामचालक म्हणाले. “याला एक हंगाम द्या. वरच्या लीगमध्ये जाईल.”

“तुम्हीच चप्पल म्हणाला होता,” शिक्षिका म्हणाल्या.

“चप्पल गेल्या महिन्यात. आता लोखंडी बूट.”

सायकलवाल्याने डोळ्यांवरची दुर्बीण काढली नाही. “मला नाही पटत. ताकद आहे, पण डोकं नाही. व्यवस्थाच कळलेली नाही त्याला. आज दोनदा चुकीच्या बाजूला उभा राहिला. बाकीच्यांनी हाताने ओढून जागेवर नेलं.”

“नवीन आहे.”

“तीन सामने झाले. पहिल्या सामन्यात एकदाही चुकला नव्हता. आणि आत्ता बघा, आत्ता! कुठे चाललाय तो?”

दोन खेळींच्या मध्ये दोन्ही संघ आपापला घोळका करून पुढचा बेत ठरवतात. दीर शांतपणे चालत प्रतिस्पर्ध्यांच्या घोळक्याकडे निघाला होता. त्यांच्यातल्या एकाने त्याला हाताने परत वळवलं. सायकलवाला मोठ्याने हसला. “बघा! आता तिकडेच ट्रेड करून घेतोय स्वतःला!”

ट्रामचालकही हसले. मी कुंपण धरलं.

“तो माझा दीर आहे,” मी म्हणाले. “माझ्याच घरी राहतो.”

शिक्षिकांनी घंटेचा लोलक मुठीत धरला.

“दोनदा चुकीच्या बाजूला, नक्की?” मी सायकलवाल्याला विचारलं. “तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“हो. स्वतः. पण मी फक्त खेळाबद्दल…”

मी निघाले. कुंपणाला फाटक दुसऱ्या टोकाला होतं. तेवढं अंतर मी धावत गेले असेन, पण मला ते संपता संपत नव्हतं. एक खेळी सुरू झाली तेव्हा मी मैदानाकडे बघितलं नाही, फक्त आवाजाची वाट बघितली. आवाज आला, कुणाचा ते कळलं नाही.

प्रशिक्षकांपाशी पोचल्यावर मी चार वाक्यं बोलले. दोन आठवड्यांपूर्वीची धडक. सोमवारचा प्रश्न, तीन वेळा. उजेड. आणि आत्ताचा घोळका. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. शिट्टी झाल्याबरोबर त्यांनी दिराला बाहेर बोलावलं, त्याचं हेल्मेट काढून घेतलं आणि ते साहाय्यकाच्या हातात दिलं. हेल्मेट काढून घेतलं की खेळाडू परत मैदानात जाऊ शकत नाही. दिराने आधी साहाय्यकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मैदानाच्या आत मी पहिल्यांदाच उभी होते.

“तुम्ही?” तो म्हणाला. “तुम्ही सांगितलंत?”

“हो.”

रुग्णवाहिकेत तो डोळ्यांवर आडवा हात ठेवून पडून होता. नोटआउफनामेत, म्हणजे तातडीच्या विभागात, आम्हाला लगेच आत घेतलं, आणि लगेच घेतलं याचीच मला जास्त धास्ती वाटली. त्याचे खांद्याचे पॅड उतरवलेले होते. गवताचे डाग पडलेल्या जर्सीत तो एकदम बारीक दिसत होता.

डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली तेव्हा त्याने मान झटकली.

“पहिला मार कधी लागला?”

“आज,” दीर म्हणाला.

“तेरा दिवसांपूर्वी,” मी म्हणाले. “रविवारी. त्या दिवशी उठायला अकरा सेकंद लागले होते.”

“वहिनी, गप्प बसा,” तो मराठीत म्हणाला. या सुरात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.

डॉक्टरांनी तो काय म्हणाला ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तेरा दिवस हा आकडा लिहून घेतला, फोनवर कुणाला तरी स्कॅनची तयारी करायला सांगितलं आणि पेन खाली ठेवून खुर्ची त्याच्या जवळ ओढली.

“काही साधे प्रश्न विचारते. आपण कुठल्या शहरात आहोत?”

त्याने बरोबर सांगितलं. महिना बरोबर सांगितला. आज कुठला वार, तेही. प्रत्येक उत्तरानंतर तो माझ्याकडे बघत होता, बघा, म्हणत असल्यासारखा. मलाही क्षणभर वाटलं, आपण उगाच घाबरलो. चूक आपलीच असू दे, असंच मला वाटत होतं.

“आज तुम्ही कुठल्या संघाविरुद्ध खेळलात?”

“हे काय विचारता,” तो म्हणाला आणि त्याने नाव सांगितलं. स्पष्ट, न अडखळता. पुढे हेही सांगितलं की त्यांचा एक धिप्पाड खेळाडू आहे, त्याला आज तिसऱ्याच खेळीत जागीच पाडलं, लोक उभे राहिले.

डॉक्टरांना खरं उत्तर माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दीरही माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेलेला होता.

“बरोबर आहे ना, वहिनी? तुम्ही तर तिथेच होता.”

“नाही,” मी डॉक्टरांना जर्मनमध्ये सांगितलं. “तो दोन आठवड्यांपूर्वीचा सामना.”

मग तेच त्याला मराठीत सांगितलं. तो हसला. माझं काहीतरी चुकतंय असं त्याला वाटत होतं.