चिनी खालाचा कटोरा

चीनच्या बादशहाचा कटोरा मी ब्लीचिंग पावडरीत भिजत घातला आणि वर शाबासकीची वाट बघत बसले. हसा खुशाल. तेव्हा मी नगरपालिकेच्या दवाखान्यात नवीकोरी नर्स होते. जगातली सगळी दुःखं जंतूंमुळे होतात, असं माझं ठाम मत होतं.

कटोरा आमच्या बुद्धवाड्याच्या तोंडाशी राहणाऱ्या खालाचा. तिचं खरं नाव कुणी घेतच नसे. अख्खी आळी तिला चिनी खालाच म्हणायची. राखाडी-हिरवा, ओंजळीएवढा कटोरा, आत-बाहेर बारीक तड्यांचं जाळं, पण बोट फिरवलं तर गुळगुळीत. तिच्या सासरच्या कुण्या पूर्वजानं गलबतावरून आणलेला.

"फुटकाच दिला की बादशहानं!" मी चिडवायचे.

"फुटका न्हाय गं, सिस्टर. भट्टीतनं काढताना मुद्दाम तडकवलाय. बादशाला आख्ख्या वस्तू बघून कंटाळा आलेला."

ती चहा त्यातच प्यायची. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चहानं तडे तपकिरी झालेले, आणि रेघांना तिनं नावं दिलेली. ही सासू, हा दीर, हा नवरा. काठावरून तळापर्यंत उतरलेली गडद रेघ इस्माईलची, तिच्या मुलाची. तो जहाजावर नोकरीला गेला तो समुद्रातच राहिला. ना मयत, ना कबर. हात फिरवायला तेवढी रेघ. गरम चहा ओतला की कटोरा कधीतरी 'टिंग' वाजायचा. खाला मान न वळवता म्हणायची, "आला वाटतं." माझ्या अंगावर काटा यायचा, आणि मी थर्मामीटर झटकत तिला विज्ञान सांगायचे.

मुंबईचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी कटोरा मागायला आला, तेव्हा तिनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं. "बादशाच्या घरात रडायला कोण उरला न्हाय. माझे सगळे ह्याच्यातच हायत."

मग गावात दंगल पेटली, कर्फ्यू लागला. तो जरा सैल होताच खाला वडपे गावी भाच्याकडे निघाली आणि जाताना कटोरा माझ्या ओटीत घालून म्हणाली, "जप." जपायचं म्हणजे निर्जंतुक करायचं, एवढंच मला ठाऊक. कटोरा असा लख्ख निघाला, की एक रेघ दिसेना!

खाला परतली ती आधी माझ्याकडे. तिच्या घराची दारं-खिडक्या फुटलेल्या, तिकडे तिनं पाहिलंसुद्धा नव्हतं. मी ऐटीत कटोरा पुढे केला. तिचं बोट काठावरून फिरलं, पुन्हा फिरलं.

"कुठं गेला?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा दारातच रडू कोसळलं.

नव्वद सालाच्या सुमाराला खाला गेली, कटोरा माझ्याकडे ठेवून. रेघा आता परत तपकिरी झाल्यात. कटोरा वाजला की मीही म्हणते, "आला वाटतं," आणि नातवंडं आईच्या मागे लपतात. विज्ञान सांगायचं मी केव्हाच सोडलं.

पण त्या दिवशी मी दारातच रडत उभी होते. खालानं कटोरा उजेडाला धरला, तिरका केला, तिचं बोट काठाशी एका जागी थांबलं.

"रडू नको, सिस्टर. रंग गेलाय, रेघ हाय. चाय ठेव, कडक. तू धुऊन धुऊन पोराला थंडी वाजली असंल."