पटावरची चार नावं

आमच्या गावच्या विहार समितीला माझ्या बाबांवर दोन पानं हवी आहेत. बाबा साठ वर्षांचे झाले, समिती स्मरणिका काढते आहे, आणि शिकलेली मुलगी म्हणून लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. ‘चांगलं चांगलं लिही,’ असा निरोपही आला. चांगलं लिहायला माझी ना नाही. पण लिहायला बसलं की एक दिवस मध्ये येतो. तो गाळून लिहिलं तर ती माझी लबाडी होईल, आणि बाबांच्या बाबतीत एक लबाडी मी आधीच करून बसले आहे.

बाबांचं नाव धर्मपाल मनवर. बोरी अरबपासून दीड कोसावर आमचं गाव. बाबा बी.ए., बी.एड. झालेले. आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर त्यांनी एका शाळेत नऊ वर्षं बिनपगारी शिकवलं. अनुदान आलं नाही, शाळाच बंद पडली. मग हंगामात जिनिंगच्या वजनकाट्यावर काम आणि उरलेले दिवस आमच्या तीन एकरांत, असं त्यांचं सुरू झालं. ती कापसाची वाईट वर्षं होती. एका वर्षी अळी, दुसऱ्या वर्षी भाव, तिसऱ्या वर्षी दोन्ही. गावातली निम्मी पोरं शाळा सोडून वेचणीला लागली होती. अशात बाबांनी जाहीर केलं की आपली चारही लेकरं आपण घरीच शिकवणार. कापसानं धर्मपालचं डोकं फिरवलं, असं लोक उघड म्हणायचे.

डोकं फिरलेल्या माणसाचं घर कसं असतं ते सांगते. आमच्या घराच्या दाराला आतून काळा रंग दिलेला होता, तोच आमचा फळा. त्यामुळे तास चालू असला की दार बंद आणि कुणी आलं की तास बंद. मोनालीताई सगळ्यांत मोठी, मग मी उर्वशी, मग राजदीप आणि शेंडेफळ इंद्रजित. आई, सत्यशीला तिचं नाव, शिलाई मशीनवर बसून आम्हाला पाढे म्हणायला लावायची. तिचं गणित बाबांपेक्षा पक्कं होतं. बाबा फळ्यावर चुकले तर ती मशीन थांबवायची, बोलायची काही नाही. मशीन थांबलं की बाबा निमूटपणे मागे वळून आकडे पुसायचे. सकाळी वेचणी असली की चौघांनी कमरेला कापसासाठी ओटी बांधून एकेक पात, म्हणजे झाडांची एक ओळ, धरायची आणि टोक येईपर्यंत एक कविता पाठ करायची. आम्ही हुशार होतो. आणि आम्ही हुशार आहोत हे मला तर फारच चांगलं ठाऊक होतं.

संध्याकाळी सातला वंदना. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची, त्रिशरण, पंचशील म्हणायचं. हे सगळ्यांच्याच घरी चालायचं. आमच्याकडे त्यानंतर बाबांनी लावलेली एक रीत होती. लहानापासून सुरुवात करून प्रत्येकानं आज पाचांपैकी कोणतं शील मोडलं ते सांगायचं. रागवायचं कुणीच नाही, ऐकायचं फक्त. इंद्रजितनं मुंगळा मारलेला असायचा, राजदीपनं कुणाच्या तरी शेतातली काकडी तोडलेली असायची. शेवटी बाबांची पाळी. “आज माह्याकडून चौथं मोडलं. भाजीत मीठ बरोबर हाय म्हणलो मी, पन नव्हतं,” असं ते सांगायचे आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. बाबांचा सगळा जीव त्या चौथ्यात होता.

आता पूनमसिंग सरांबद्दल. हे गावच्या शाळेचे मुख्याध्यापक, जवळच्याच तांड्यावरचे. आम्ही घरी शिकत होतो, पण पुढे दाखला लागणार, परीक्षेला बसायला नाव कुठंतरी पाहिजे. म्हणून बाबांनीच सरांना हात जोडले होते आणि सरांनी आमची चार नावं पटावर घेतली होती. रोज हजेरीही लागायची. त्या बदल्यात सरांनी चहासुद्धा मागितला नाही. उलट सत्र सुरू झालं की पुस्तकांचे चार संच स्वतः सायकलला लावून आणून द्यायचे. यातही चौथं मोडतंय हे बाबांच्या कसं लक्षात आलं नाही, याचं मला आज नवल वाटतं. लक्षात आलं असेलही. दररोज संध्याकाळी सांगायला माणूस स्वतःला सोयीचीच चूक निवडतो.

२०११ साली दसऱ्याच्या तोंडावर सरकारनं सगळ्या राज्यात पटपडताळणी लावली. पटावर जितकी नावं तितकी मुलं वर्गात बसली पाहिजेत, अधिकारी येऊन मोजणार आणि एक मूल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावणार. आदल्या दिवशी दुपारी सर आमच्या दारात आले. तास बंद झाला. सर ओट्यावर बसले आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

“धर्मपालभाऊ, उद्या लेकरं पाठवा. येक दिवस,” ते म्हणाले. “नाय आली तं पटावरची नावं खोटी निघतीन. माही नोकरी जाते.”

बाबा म्हणाले, “येतीन. बसतीन. पन कोनी काई विचारलं तं खोटं नाई बोलनार.”

“विचारत नाईत भाऊ, निसती डोकी मोजतेत.”

बाबांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. सर गेल्यावर आई मशीनवरून म्हणाली, “जाऊन बसनं बी बोलनंच हाय.” बाबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. धम्मचक्र दिनासाठी आईनं आमचे पांढरे कपडे शिवून ठेवले होते, ते उद्या घाला असं बाबा म्हणाले, तर तिनं साफ नकार दिला. ते कपडे या कामासाठी शिवलेले नाहीत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही रोजच्याच कपड्यांत शाळेत गेलो. मी सहावीच्या रांगेत बसले. बाबा बाहेर व्हरांड्यात उभे होते. पडताळणीला एक बाई अधिकारी आल्या होत्या, चष्मा लावलेल्या, शांत. मोजत मोजत त्या माझ्यापाशी आल्या आणि शाईची बाटली हातात धरून सहज म्हणाल्या, “नवीन वाटतेस. रोज येतेस ना शाळेत?”

मी उभी राहिले. पूनमसिंग सर फळ्याजवळ हजेरीपट घेऊन उभे होते. बाबांनी सांगितलेलं होतं, विचारलं तर खरं बोलायचं. मी खणखणीत आवाजात म्हणाले, “नाही मॅडम. आम्ही घरी शिकतो. बाबा शिकवतात.”

एवढ्यावर थांबले असते तर आज हे लिहावं लागलं नसतं. पण बाई माझ्याकडे कौतुकानं बघत आहेत असं मला वाटलं आणि माझी जीभ मोकळी सुटली. मी म्हणाले, “या शाळेत काहीच शिकवत नाहीत. सर नुसते बसून असतात.”

त्या शाळेत मी त्याआधी एक दिवसही बसले नव्हते. सर शिकवतात की बसतात, मला काय माहीत? ते मी तिथल्या तिथं रचलं. का रचलं, तर त्या पन्नास-साठ मुलांपेक्षा मी वरची आहे हे दाखवायला.

बाईंनी बाटलीला झाकण लावलं. पालक आहेत का म्हणून विचारलं. बाबांना आत बोलावलं. “ही तुमची मुलगी? ही म्हणते ती शाळेत येतच नाही.”

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. सरांनी मान खाली घातलेली होती. बाबा म्हणाले, “मॅडम, पोरगी खोटं बोलते. तिले सवयच हाय. घरी बी असंच करते.”

वर्ग हसला. बाईंनी माझं बोट धरून शाई लावली आणि पुढच्या मुलाकडे गेल्या. मी खाली बसले. माझ्या शेजारची मुलगी मला चिमटा काढून म्हणाली, “खोटारडी.” पट पूर्ण भरला, सरांची नोकरी राहिली. सर आता निवृत्त झालेत. त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीनंच मी हे लिहिते आहे.

त्या संध्याकाळी वंदनेला बाबा तीन शीलांपर्यंत आमच्याबरोबर म्हणाले. चौथ्याला त्यांचा आवाज आलाच नाही. आम्हा लेकरांना घेऊन आईनं ते पुढं ओढलं, मग पाचव्याला ते पुन्हा सामील झाले. मग पाळ्या सुरू झाल्या. माझी पाळी आली तेव्हा मी दिवसभर तयार करून ठेवलेलं वाक्य म्हणाले. “आज माझ्याकडून काहीच मोडलं नाही.” आणि बाबांकडे बघत राहिले. बाबा म्हणाले, “आज माह्याकडून चौथं मोडलं. पोरीच्या नावानं मोडलं.” रीतीप्रमाणे सगळ्यांनी ते ऐकून घेतलं. मला खूप बरं वाटलं. इतकं बरं वाटलं हे सांगायलाही आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी आम्हाला खरोखरच शाळेत पाठवायला सुरुवात केली. पटावर नाव आहे तर लेकरू वर्गात पाहिजे, एवढंच म्हणाले. दाराचा फळा तसाच राहिला, त्यावर आई किराणा लिहू लागली. शाळेत सगळे मला खोटारडी म्हणायचे, आणि सर मात्र एकही तास न चुकवता शिकवायचे. अपूर्णांक मला त्यांनीच नीट समजावले. मी खोटारडी नव्हते हे वर्गाला सांगायचं तर बाबांना सरांची नोकरी पणाला लावावी लागली असती, म्हणून ते सांगू शकत नव्हते. मी रडत घरी आले की ते माझ्या समोरून उठून शेतात जायचे. मला त्यातही समाधान होतं. घरात अन्याय झालेली मी एकटीच होते आणि ती जागा मला सोडवत नव्हती.

वर्षं गेली. मोनालीताईचं लग्न झालं, राजदीप पुण्याला लागला, इंद्रजित पुसदला शिकायला गेला. मी बी.एड. केलं, आता उमरखेडला शिकवते. सुट्टीत घरी गेलं की वंदना असतेच, आणि चौथ्या शीलाला बाबा गप्पच असतात. इतक्या वर्षांत एकदाही त्यांनी ते म्हटलेलं मी ऐकलं नाही. गावात लोकांना वाटतं म्हाताऱ्याचा दम पुरत नाही.

मागच्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीनं मुख्याध्यापकांसमोर माझ्याबद्दल सांगितलं की मॅडम काहीच शिकवत नाहीत, नुसत्या बसून असतात. का बोलली ते मला पक्कं कळलं. तिला मोठं दिसायचं होतं. मी तिला न रागावता वर्गात परत पाठवलं.

रविवारी मी घरी गेले. बाबा अंगणात बाजेवर हरभऱ्याचे घाटे सोलत होते. मीही सोलायला बसले आणि सांगून टाकलं. म्हटलं, “बाबा, त्या दिवशी मीही खोटं बोलले होते. सर शिकवत नाहीत म्हणाले होते. तुम्ही आत यायच्या आधी.”

“मले मालूम हाय,” बाबा म्हणाले. “मी खिडकीपाशीच उभा होतो.”

मी म्हटलं, “मग कधी बोलले काहून नाई? तुमी तं खरंच बोलले होते मंग. पोरगी खोटं बोलते म्हणाले, अन् ते खरंच होतं.”

बाबांनी एक घाटा सोलला, दाणे माझ्या पुढ्यातल्या ताटात टाकले. “मी ते सरांसाठी बोललो, माय. तू खोटी हाय म्हणून नाई बोललो. आता त्याचा आडोसा कायले घेऊ?” मग म्हणाले, “अन् तुह्या पाळीले रोज वाट पाहू पाहू राह्यलो. तुले सांगायचं असन तं तूच सांगशीन.”

चौदा वर्षं रोज संध्याकाळी. घरी असले की माझी पाळी यायची, मी ‘काही नाही’ म्हणायचे, आणि बाबा ऐकून घ्यायचे.