दहा शेहेचाळीसचं गणित

बीबी गावातल्या आमच्या शाळेतले गणिताचे सर वर्गात शिरले की आधी भिंतीवरचं आकड्यांचं घड्याळ दाखवत. "सांगा बे, घड्याळ काय म्हणून राह्यलं?" कधी १०:४६ झालेले असत. "चार न् सहा, दहा!" अख्खा वर्ग ओरडे. मग धडा सुरू.

शेजारीच माझं ऑफिस. एकदा वैतागून मी मुख्याध्यापकाच्या तोऱ्यात म्हणालो, "सर, रोज पाच मिनिटं वाया जातात."

"हाव सर," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्टूल आणून त्यांनी ते घड्याळ माझ्या टेबलासमोर टांगलं.

परत न्या म्हणायला माझं तोंड उघडत नाही. १२:३६ होतात. एक गुणिले दोन गुणिले तीन, सहा. मी मनातच सोडवतो. शेजारचा वर्ग अगदी शांत असतो.