अर्धा तास जादा

रिटायर झाल्यावर माझं एकच पोस्टिंग झालं. २०१६चा हिवाळा, जर्मनीतलं गेर्लिंगेन, मुलाचं घर. निखिल तिथे इंजिनिअर. पहिल्याच दिवशी त्याने मला तळघरातला बॉयलर दाखवला आणि मी वेपन ट्रेनिंगसारखं सगळं पाठ केलं. बाहेरचा सेन्सर थंडी मोजतो, त्यावरून बॉयलर पाणी किती तापवायचं ते ठरवतो. भिंतीवरचा थर्मोस्टॅट खोल्या सांभाळतो. ०७३० ला निखिल आणि सूनबाई कामावर जातात, म्हणून ०७३० ला तापमान एकवीसवरून सतरावर.

ही शिस्त मला आवडली. बायको मात्र शाल लपेटून बसायची.

"अहो, जरा वाढवा ना."

"टायमिंग लावलंय."

"मी काय तुमचा जवान आहे? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही."

चार दिवस मी तिला तसंच बसवलं. पाचव्या दिवशी निखिलने तिचा खोकला ऐकला आणि मला थर्मोस्टॅटपाशी नेलं.

"बाबा, हे पार्टी-टास्टं, म्हणजे जादा वेळेचं बटण. दाबलं की ठरलेल्या वेळेनंतरही अर्धा तास हीटिंग चालू. मग आपोआप परत टायमिंगवर."

"प्रोग्रॅम बदलत नाही?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. प्रोग्रॅम तोच. फक्त अर्धा तास जादा."

मी खुर्ची ओढून बसलो.

फौजेत असतानाची, बर्फातली उंचावरची पोस्ट होती. आठ माणसं, मी हवालदार, पोस्ट कमांडर. उजेडात धूर दिसला की शेलिंग यायचं. म्हणून बुखारी, म्हणजे आमची रॉकेलची शेगडी, ०६०० ला बंद. माझीच ऑर्डर. त्या दिवशी ०६०० ला शिपाई सुभाष येळे सेंट्री ड्यूटीवरून आत आला. वय बावीस. त्याचे ओठ नीट हलत नव्हते.

"उस्ताद, अर्धा तास चालू ठेवा."

"ऑर्डर इज ऑर्डर."

बाहेर दाट धुकं होतं. दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता, तिथे धूर कुणाला दिसणार होता? हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी बुखारी विझवली.

तो रेशनच्या तंबूत गेला, आतून चेन ओढली आणि स्वयंपाकाचा स्टोव्ह पेटवला. ०९४० ला मी त्याला उठवायला गेलो. स्टोव्ह विझलेला, त्याचा विषारी गॅस बंद तंबूत कोंडलेला. येळेचे गाल लाल होते. मला वाटलं, झकास झोपलाय. मी त्याला बुटाने ढोसलं.

"अल्फा फॉर टायगर. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"सिरियस? ओव्हर."

"फेटल. ओव्हर."

"हवामान सुधारल्यावर बॉडी नेऊ. आउट."

नऊ दिवस हवामान सुधारलं नाही. येळे त्याच तंबूत राहिला आणि आम्ही त्याच्या उशाचे डाळ-तांदूळ काढून खात राहिलो.

इन्क्वायरीत मी सांगितलं, येळेने ऑर्डर मोडून स्टोव्ह पेटवला. त्याने आधी काय मागितलं होतं ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. कागदावर त्याचाच निष्काळजीपणा लागला. माझ्या शिस्तीची तारीफ झाली आणि ती मी मान ताठ ठेवून घेतली. पुढे त्याची आई भेटायला आली.

"साहेब, लई थंडी होती का?"

"त्याने ऑर्डर मोडली," मी म्हणालो. तिने मान हलवली आणि माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

निखिलला यातलं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ०७३० ला मी ते बटण दाबू लागलो. ०८०० पर्यंत रेडिएटर गरम राहतो, मग आपोआप निवत जातो. बायकोला वाटतं, मी तिच्यासाठी दाबतो.

शिपाई सुभाष येळे. वय बावीस. त्याने एवढंच मागितलं होतं.